वाऱ्याला किती कापड?

“तात्या, आज चार घेऊ का पाच?” पर्थहून पुतण्याचा फोन आला की हा प्रश्न ठरलेला. चार आणि पाच म्हणजे चौरस मीटर. ऑस्ट्रेलियाच्या त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून गार वारा सुटतो. लोक त्याला ‘फ्रीमॅन्टल डॉक्टर’ म्हणतात, कारण तो आला की तापलेल्या शहराच्या जिवात जीव येतो. त्या वाऱ्यावर आमचा पोरगा विंग फॉइलिंग करतो. पायाखाली फळी, फळीखाली पाण्यात बुडालेला एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला विमानासारखे छोटे पंख. हातात हवा भरून फुगवलेला कापडी पंख. त्यात वारा भरला की फळी पाण्यातून वर उचलली जाते आणि माणूस पाण्याच्या हातभर वरून पळू लागतो. हा हातातला पंख एकच असून भागत नाही. गाडीत तीन मापांचे ठेवावे लागतात आणि आज कोणता, ते किनाऱ्यावर उभं राहून ठरवावं लागतं.

समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत, नेवासे तालुक्यातल्या सोनईत राहणाऱ्या माणसाला हे विचारावं याचं काहींना नवल वाटतं. पण हवामान खात्यात निरीक्षक म्हणून माझी बरीच नोकरी कोकण किनाऱ्यावर गेली. वारा मोजणं हेच काम होतं. शिवाय वाऱ्याला किती कापड द्यायचं हा हिशेब मराठी माणूस शेकडो वर्षं करत आला आहे. आंग्र्यांच्या तोफा, किल्ले, लढाया यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं, शिडांवर फार थोडं. ज्या कापडावर ते सगळं आरमार चालत होतं त्या कापडाची आठवण कोणीतरी काढायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या भागात वाऱ्याची ओळख खळ्यावर होत असे. धरणाचं पाणी येण्याआधी सोनईच्या शिवारात बाजरी आणि रब्बीची ज्वारी हीच मुख्य पिकं. मळणी झाली की दाणे आणि भूस यांचा ढीग खळ्यावर पडे आणि मग वाट बघायची ती वाऱ्याची. उंच तिवईवर उभं राहून पाटीतून धान्य खाली सोडायचं, दाणा सरळ पायाशी पडतो, भूस वाऱ्याबरोबर पुढे जातं. सांगायला सोपं आहे. पण वारा हलका असेल तर हात डोक्याच्या वर न्यायचा आणि धार बारीक सोडायची, म्हणजे पडणाऱ्या धान्याला वाऱ्यात जास्त वेळ मिळतो. वारा जोराचा असेल तर हात खाली, धार जाड, नाहीतर हलका दाणाही भुसात जाऊन पडतो आणि वर्षाच्या कष्टाचं मातेरं होतं. बाजरीच्या वेळी, दिवाळीच्या आगेमागे, वारा मंद आणि दाणा बारीक. ज्वारी शिमग्यानंतर, दुपारच्या पश्चिमेच्या वाऱ्यावर. दोन्हीची उपणणी सारख्याच सफाईने करणारी माणसं गावात मोजकी होती आणि त्यांना मळणीच्या दिवसांत घरोघरचं बोलावणं असे.

माझे थोरले चुलते त्यांतले एक. तिवईवर चढण्याआधी ते चिमूटभर भूस वर सोडून बघायचे. लगेच सुरुवात करायचे नाहीत, तंबाखू मळत थोडं थांबायचे आणि मग दुसरी चिमूट सोडायची. पहिली चिमूट वारं आहे का ते सांगते, दुसरी ते टिकणार का ते, असं त्यांचं म्हणणं. वेधशाळेत आम्हाला शिकवलं तेही हेच. वाऱ्याचा वेग एका क्षणाचा घेऊ नये, काही मिनिटांची सरासरी घ्यावी, कारण वारा झोतांनी येतो आणि दोन झोतांमध्ये पडतो. सरासरी आणि झोत, दोन्ही कळल्याशिवाय वारा कळत नाही.

१९७०च्या दशकात मुळा धरणाच्या कालव्यांचं पाणी शिवारात खेळलं, ऊस आला, सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाला मळणी नाही आणि उपणणीही नाही. जे धान्य उरलं त्यासाठी मळणीयंत्र आलं. उसाने गावाला पैसा दिला, त्यातून शाळा-कॉलेजं झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं मोल जाणतो. पण वाऱ्याकडे रोज बघण्याचं कारण गावातून गेलं, हेही खरं.

राहिला तो संक्रांतीचा पतंग. नगर जिल्ह्यात तो जोरात उडतो आणि शेजारच्या येवल्यात तर भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. येवल्याचा मांजा फिरकीवर गुंडाळत नाहीत, लाकडी आसारीवर गुंडाळतात. पतंगाचं माप कागदाच्या तावावरून ओळखायचं : अर्ध्या तावाचा, पाऊण तावाचा, त्याहून मोठा. पौषातला वारा आमच्याकडे बहुधा पूर्वेकडचा आणि हलका, म्हणून मोठा, बारीक कामटीचा पतंग हवा. एखाद्या वर्षी वारा चढला की तोच पतंग हातात राहत नाही. कामटी वाकते, कागद फाटतो, पोरं लहान पतंग काढतात, त्याला शेपटी लावतात. आणि ज्याच्याकडे दुसरा पतंग नाही तो कण्णी बदलतो. वरची दोरी थोडी आखूड केली की पतंग वाऱ्यात आडवा पडतो आणि ओढ कमी होते. कापड बदलता येत नसेल तर कापडाचा कोन बदलायचा, हे आमच्याकडच्या दहा वर्षांच्या पोराला कळतं.

पुढे माझी बदली हर्णैला झाली. समोर सुवर्णदुर्ग, खाली बंदर, संध्याकाळी वाळूवर माशांचा लिलाव. वेधशाळेत सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या नोंदी कधी चुकवायच्या नाहीत. तापमान, हवेचा दाब, ढग, पाऊस आणि वारा. पवनवेगमापकाच्या वाट्या गरगर फिरत, आणि त्याच्या जोडीला समुद्राकडे बघून लाटांचा अंदाज लिहायचा. वादळाचा इशारा आला की बंदरावर बावटा चढे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे शब्द ऐकले की किनाऱ्यावर चूल लवकर पेटते आणि बायामाणसं वाटेकडे डोळे लावतात. मी पाठवलेल्या आकड्यांचा त्या बावट्याशी संबंध आहे या जाणिवेने मी ते काम केलं.

तिथे एका म्हाताऱ्या तांडेलाशी माझा स्नेह जमला. जातीने खारवी. तरुणपणी शिडाच्या मचव्यावर गेलेला, नंतर इंजिनाच्या होडीवर. मी रोजचा वारा नॉटमध्ये सांगायचो आणि तो मला त्या वाऱ्याला कोणतं शीड लागलं असतं ते सांगायचा. त्याच्या घराच्या माळ्यावर एक जुनं शीड गुंडाळून ठेवलेलं होतं. एकदा त्याने ते खाली काढलं आणि अंगणात पसरलं. जाड सुती कापडाचे उभे पट्टे एकमेकांना शिवलेले. कडेने आत दोर घालून केलेली दुमड, आणि कोपऱ्यांवर कापडाचे तीन-तीन थर, कारण सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. मधोमध वेगळ्या रंगाचं ठिगळ, त्याची शिवण मूळ शिवणीपेक्षा बारीक. मी म्हटलं, “हे एवढंसं कसं?” तो म्हणाला, “साहेब, हा धाकटा. थोरला कधीच फाटून गेला.”

मचव्याला दोन शिडं असत, हे मला तेव्हा कळलं. थोरलं पातळ कापडाचं, हलक्या वाऱ्यासाठी. धाकट्याला पट्टे कमी, पण कापड जाड आणि शिवण दुहेरी. युरोपातल्या चौकोनी शिडांच्या जहाजांवर खलाशी वर चढून शीड आवळतात, म्हणजे एकच शीड लहानमोठं करता येतं. आपल्याकडचं शीड अरबी समुद्रावरच्या सगळ्या जुन्या जहाजांसारखं, तिरक्या लांबलचक काठीला बांधलेलं त्रिकोणी. ही काठी बऱ्याचदा डोलकाठीपेक्षाही लांब. भर वाऱ्यात ते शीड आवळणं अवघड, म्हणून काठी खाली घ्यायची, मोठं शीड सोडायचं, लहान बांधायचं आणि पुन्हा काठी वर. भरल्या समुद्रात, नाचत्या होडीवर हे करायचं म्हणजे सगळे हात लागत. ॲलन व्हिलियर्स नावाच्या ऑस्ट्रेलियन खलाशी-लेखकाने १९३८-३९मध्ये ‘बयान’ या कुवेती जहाजावरून अरबस्तान ते झांजिबार असा प्रवास केला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. अरबी खलाशांची ती काठी खाली-वर करण्याची धडपड त्याने जवळून पाहिली. कोकणातल्या मचव्यावर तीच धडपड लहान प्रमाणात होती, पण इथे लिहायला व्हिलियर्स नव्हता.

म्हणून शहाणा तांडेल समुद्रात शीड बदलायची वेळच येऊ देत नसे. ते किनाऱ्यावरच ठरवायचं. आणि कोकण किनाऱ्यावर दिवसाला वारे दोन. रात्री जमीन निवते, पाणी उबदार राहतं, म्हणून पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. हा हलका. दिवस चढला की जमीन तापते आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, हा भरदार. फाल्गुन-चैत्रात दुपारी तो हर्णैच्या माडांना वाकवतो. मधे दहा-अकराच्या सुमाराला वारा पडतो, शीड काठीला लोंबतं, तेव्हा वल्ही मारा. पहाटे मतलईवर जाताना थोरलं शीड हवं आणि दुपारी माल भरून येताना धाकटं. दोन्ही होडीत नेणं नेहमी जमत नसे. मग कोणतं न्यायचं? तांडेलाचं उत्तर होतं : ज्या वाऱ्यात परत यायचं त्याचं शीड ने. जाताना वल्ही मारता येतात, हळू गेलं तरी कोणी मरत नाही. येताना भरल्या होडीत कापड जास्त झालं तर मरतो.

या एका वाक्यात मला शीड निवडण्याचं सगळं शास्त्र सापडलं. पुतण्याला मी तेच सांगतो.

हर्णैच्याच पाण्यात कापडाची एक फार जुनी गोष्ट घडली आहे. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात हिंदुस्थानातल्या लढायांचा मोठा इतिहास लिहिला. त्यात आंग्र्यांच्या जहाजांचं बारकाईने वर्णन आहे. गुराबा दोन-तीन डोलकाठ्यांच्या, मोठ्या. दीडशे टनांपासून तीनशे टनांपर्यंतच्या. गलबतं सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. गलबताला दोन डोलकाठ्या, मागची अगदी किरकोळ, आणि मुख्य डोलकाठीवर एकच त्रिकोणी, खूप मोठं शीड, ज्याचं टोक वर चढवल्यावर डोलकाठीच्याही वर जाई. वजन वाचावं म्हणून काही गलबतांची वरची तक्तपोशी चिरलेल्या बांबूची. मला हे वर्णन वाचताना त्या सुतारांचं कौतुक वाटतं. हलकी होडी, वर अवाढव्य कापड, आणि वारा पडलाच तर पन्नास वल्ही. हलक्या वाऱ्यात जड इंग्रजी जहाज जागेवर डुलत असताना गलबत त्याच्या मागच्या बाजूने येऊन तोफा डागून निघून जाऊ शके. कापड आणि वजन यांचं गुणोत्तर हेच आंग्र्यांचं खरं शस्त्र होतं, असं माझं मत आहे.

१७५५च्या मार्चमध्ये कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचं जहाज घेऊन मुंबईहून निघाला. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं वैर पेटलेलं, त्यामुळे पेशव्यांचं आरमार इंग्रजांच्या बाजूला. सुवर्णदुर्गाच्या बंदरातून तुळाजीची जहाजं निसटली आणि दक्षिणेकडे पळू लागली. जेम्स पाठीवर. वारा हलका. ऑर्म सांगतो की आंग्र्यांच्या खलाशांनी जहाजावरचं अवजड सामान समुद्रात फेकलं, होती तेवढी शिडं चढवली, आणि तेवढ्यानेही भागेना तेव्हा अंगावरचे कपडे, गोधड्या, डोक्याची पागोटीसुद्धा दोरखंडांना ताणून बांधली, वाऱ्याची एकही झुळूक वाया जाऊ नये म्हणून. आरमार निसटलं. जेम्स परत फिरला आणि एप्रिलच्या सुरुवातीला सुवर्णदुर्ग त्याच्या हाती पडला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६मध्ये, विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार जळालं. आपल्या पाठ्यपुस्तकांत तेवढंच येतं. पण हातघाईच्या वेळी पागोटं सोडून त्याचं शीड करणारे ते खलाशी मला विसरता येत नाहीत. हलक्या वाऱ्याला जास्त कापड लागतं हे त्यांच्या इतकं अंगात मुरलेलं होतं की विचार करायला वेळ लागला नाही.

त्यानंतर पन्नास वर्षांनी इंग्लंडमध्ये हेच ज्ञान आकड्यांत बसवलं गेलं. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या नाविक अधिकाऱ्याने १८०५-०६च्या सुमाराला वाऱ्याला शून्यापासून अंक दिले. वेधशाळेत आमच्या टेबलावर ब्यूफोर्टची मोजपट्टी असे. तिच्यात आता किलोमीटर, नॉट, झाडांची हालचाल, लाटांची उंची लिहिलेली असते. मूळ पट्टीत यांतलं काही नव्हतं. ब्यूफोर्टने वारा मोजला तो शिडांनी : युद्धनौका कोणत्या वाऱ्यात किती आणि कोणती शिडं पेलू शकते त्यावरून. पाचाला इतकी शिडं, सहाला त्याहून कमी, नवाला अगदी थोडी, आणि बारा म्हणजे ज्यापुढे कोणतंच कापड टिकत नाही. त्याच्या आधी जॉन स्मीटन या अभियंत्याने १७५९मध्ये पवनचक्क्यांवर निबंध लिहिताना वाऱ्याच्या पायऱ्या मांडल्या होत्या. ईस्ट इंडिया कंपनीचे नकाशे करणाऱ्या अलेक्झांडर डॅलरिंपलने त्या उचलल्या आणि तिथून त्या ब्यूफोर्टपर्यंत पोचल्या. १८३१मध्ये निघालेल्या ‘बीगल’ जहाजावर, ज्यावर तरुण डार्विन होता, ही पट्टी वापरली गेली, आणि १८३८पासून इंग्रज आरमारात ती सक्तीची झाली. म्हणजे आज दूरदर्शनवर जो वाऱ्याचा वेग सांगतात त्याच्या मुळाशी ‘वाऱ्याला किती कापड’ हाच प्रश्न आहे. कोकणात हा प्रश्न सुटलेला होता, फक्त तो अंकांत लिहिला गेला नाही. कोणतंच कापड टिकत नाही ती पायरीही आपल्याकडे होती. आगोट लागली की होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय पाण्यात लोटायच्या नाहीत. मराठ्यांचं आरमारही पावसाळ्यात नांगरून पडलेलं असे.

स्वातंत्र्यानंतर मच्छीमारीचं यांत्रिकीकरण झालं. सरकारने कर्ज दिलं, इंजिनं आली आणि शिडं माळ्यावर गेली. कोळ्या-खारव्यांचे हाल कमी झाले. त्या दिवसांबद्दल हळहळ करणारा एकही तांडेल मला भेटला नाही. हळहळ मला वाटते ती ज्ञानाची. कोणत्या गावच्या मचव्याला किती हातांचं शीड, कोणतं कापड, किती पट्टे, कोणत्या महिन्यात कोणतं, हे एकेका माणसाबरोबर गेलं.

शिडाचा धागा आपल्याकडे अगदीच तुटला असं मात्र नाही. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी फलटणजवळच्या विंचुर्णीला राहत, म्हणजे आमच्यासारखेच घाटावर. एका भारतीयाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना त्यांची. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी होडी बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१०ला परतले. त्यांचा पहिला मुक्काम फ्रीमॅन्टलला होता, पुतण्या जिथे पंख घेऊन जातो त्याच किनाऱ्यावर. दक्षिण महासागरात चाळीस-चाळीस नॉटचे वारे येतात, तिथे एकटा माणूस दिवसरात्र एकच काम पुन्हा पुन्हा करतो : कापड कमी कर, कापड वाढव.

आता पुतण्याच्या पंखाबद्दल. वारा कापडावर जो दाब देतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट. १८२६मध्ये ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तराने पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं, तेव्हाही त्याला हाच चौपटीचा जोर आवरायचा होता. १९८४मध्ये फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी हवा भरून फुगवलेल्या पतंगाचं पेटंट घेतलं, त्यातून पाण्यावर पतंगाने पळण्याचा खेळ वाढला. २०१८-१९च्या सुमाराला दोरी गेली, पतंग हातात आला आणि विंग बाजारात आली. दोन चौरस मीटरपासून सातपर्यंत मापं मिळतात.

चौपटीचा हिशेब सरळ लावला तर बारा नॉटला सहा मीटरचा पंख लागत असेल तर चोवीस नॉटला दीड मीटरचा पुरायला हवा. प्रत्यक्षात पंचाहत्तर किलोच्या माणसाला चोवीस नॉटला साधारण चार मीटरचा लागतो. हे का, हे पुतण्याला सुरुवातीला उमगत नव्हतं. फळी पाण्यातून उचलली जाताना क्षणभर मोठी ओढ लागते, आणि ती दोन झोतांमधल्या पडलेल्या वाऱ्यातही मिळायला हवी. एकदा वर उचललं गेलं की पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो आणि पंख हातात सैल सोडता येतो. झोत आला की सैल, झोत गेला की आवळ. पतंगाची कण्णी बदलण्याचंच हे काम, फक्त ते दर सेकंदाला हाताने होतं. त्यामुळे ब्यूफोर्टच्या चार पायरीला, म्हणजे अकरा ते सोळा नॉटला, त्याच्या वजनाला पाच-सहा मीटर. पाचाला, सतरा ते एकवीस नॉटला, चार-पाच. सहाला, सत्तावीस नॉटपर्यंत, चार किंवा त्याहून थोडा लहान. त्यापुढे तीन, आणि नवशिक्याने त्यापुढे किनाऱ्यावरच बसावं. माणूस जड असेल तर एक माप वर, हलका असेल तर एक खाली. पाण्याखालचा पंख मोठा असेल तर हातातला थोडा लहान चालतो.

ऑलिंपिकमध्ये २०२४ला आलेल्या आयक्यूफॉइल या शिडाच्या फळीच्या प्रकारात त्या वर्षी पुरुषांना नऊ आणि स्त्रियांना आठ चौरस मीटरचं एकच शीड दिलेलं होतं. वारा कसाही असो, बदलायचं नाही. शर्यत बरोबरीची व्हावी म्हणून ते ठीक आहे, पण बाकीच्यांनी त्याचं अनुकरण करू नये. आमच्या जिल्ह्यातल्या पारनेरच्या कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांनाही पाती बदलता येत नाहीत. तिथे वारा वाढला की पाती वळवून कोन बदलावा लागतो. माणसाच्या हातात मात्र निवड आहे, ती त्याने सोडू नये.

फोनवर मी पुतण्याला प्रथम विचारतो, आत्ता किती आहे ते नंतर सांग, तासाभरापूर्वी किती होता? पाण्यावर फेसाळ पांढरे तुरे तुरळक आहेत की सगळीकडे? जमीन अजून तापतेय का? ‘डॉक्टर’ दुपारी आला की संध्याकाळपर्यंत भरत जातो, तेव्हा निघतानाच्या वाऱ्यावर पाच घेतलास तर परतताना हात भरून येतील. तांडेलाचा नियम तिथेही लागू पडतो. पुतण्या चार घेतो, पहिली दहा मिनिटं फळी उचलत नाही म्हणून कुरकुरतो आणि नंतर सुखरूप परत येतो.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी हर्णै, दाभोळ, जयगड, देवगड, मालवण, वेंगुर्ले किंवा वसई-उत्तन भागातले असाल आणि घराच्या माळ्यावर जुनं शीड, त्याचा तुकडा किंवा काठी असेल, तर ती टाकून देण्याआधी मोजा. तिन्ही बाजूंची लांबी, पट्ट्यांची संख्या आणि रुंदी, कापडाचा प्रकार, कोपऱ्यांवरचे थर, कोणत्या होडीचं आणि कोणत्या महिन्यांत लावत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा आणि तारीख घाला. शिडावर गेलेला माणूस घरात हयात असेल तर हे काम या नारळी पौर्णिमेच्या आतच करा.